‘रात्रीचें उड्डाण’

1949 सालीं रात्रटपाल सुरू झालें. मुंबई, कलकत्ता, दिल्ली व मद्रास येथील विमानें मध्यरात्रीं नागपुरास एकत्र येऊं लागलीं. 1953 च्या डिसेंबरांत त्यांतील एक येथेंच कोसळून 13 जीव गेले. म्हणून सेंत-एक्झुपेरीची ही 1931 ची कादंबरी सदरांत बसून वाचतांना परकी वाटत नाहीं.

वादळांत बिनतारी संदेश तुटतात. वाट हरवलेला वैमानिक फाबियँ तारे पाहून ढगांवर चढतो आणि उतरण्यास पृथ्वी उरत नाहीं. हें वर्णन इतकें सुंदर आहे कीं मरणाचा जाब विचारण्यास वाचक विसरतो. हाच त्याचा दोष. व्यवस्थापक रिव्हिएर तर पुढचें टपाल रवाना करतो. परंतु फाबियँची पत्नी त्याच्या कचेरींत येऊन उभी राहते, तेव्हां वेळेवर पोंचलेल्या पत्राची खरी किंमत कळते. कादंबरीचें थोरपण या प्रसंगांत आहे.