त्या दिवशी स्वयंपाक कुणी केला?

वर्गीकरणाच्या प्रात्यक्षिकाला आम्हाला प्रत्येकी दहा पुस्तकं मिळतात. शीर्षकपान, अनुक्रमणिका, प्रस्तावना चाळायची आणि पाच-सात मिनिटांत ठरवायचं, की हे पुस्तक कशाबद्दल आहे. मग ड्युईच्या तक्त्यात बोट फिरवून आकडा शोधायचा आणि शीर्षकपानाच्या मागे पेन्सिलीने लिहायचा. त्या दिवशी माझी नऊ पुस्तकं बिनबोभाट पार पडली. दहावं होतं लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. तिथे पेन्सिल अडली.

मी एम.लिब. करते. नगरला खोली घेऊन राहते आणि शनिवारी एसटीने राहुरी तालुक्यातल्या गावी जाते. (नगरचं अहिल्यानगर झालं, तेव्हा तालिकेत एका नावाखाली दुसऱ्याचा 'पाहा' द्यायला आम्ही शिकलो. कंडक्टर अजून 'नगर, नगर' असंच ओरडतो.) आमच्या अभ्यासक्रमाबद्दल लोकांना वाटतं, की ही मुलं पुस्तकांवर शिक्के मारायला शिकतात. मलाही आधी तसंच वाटायचं. पण एखाद्या पुस्तकाला आकडा द्यायचा म्हणजे ते कशाबद्दल आहे यावर स्वतःचं मत द्यायचं. आणि ते मत साधंसुधं नसतं. वाचक त्या कपाटापाशी गेला तरच पुस्तक त्याच्या हाती लागतं. समीक्षकाचं चुकलं तर कुणीतरी उलट लेख लिहितं. ग्रंथपालाचं चुकलं तर पुस्तक भलत्याच कपाटात वर्षानुवर्षं उभं राहतं आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

तर 'स्मृतिचित्रे' कशाबद्दल आहे?

सगळ्यात सोपा आकडा ८९१.४६, म्हणजे मराठी साहित्य. तिथे ठेवलं की कुणी हरकत घेत नाही. पण मग आपण एवढंच म्हणतो, की हे मराठीत आहे आणि चांगलं लिहिलेलं आहे. दुसरा पर्याय ९२०, चरित्रं. इथे लगेच प्रश्न येतो, की चरित्र कुणाचं? पुस्तकाचा उगम सांगतात तो असा, की मुलाला, देवदत्तला, वडिलांच्या चरित्रासाठी आठवणी हव्या होत्या आणि आई लिहीत गेली. १९३४ पासून त्याचे चार भाग आले. म्हणजे मागणी नारायण वामन टिळकांच्या चरित्राची होती, आणि झालं ते लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र. तिसरा पर्याय २४८.२४, ख्रिस्ती धर्मांतराचे अनुभव. ड्युईच्या २०० च्या वर्गात बहुतेक जागा ख्रिस्ती धर्माने व्यापलेली आहे आणि बाकीचे धर्म २९० मध्ये दाटीवाटीने बसवले आहेत. भारतातल्या ग्रंथपालांची ती जुनी डोकेदुखी. हे मात्र त्या प्रशस्त भागात हक्काने बसू शकेल असं मराठी पुस्तक. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, मग काही वर्षं नवरा-बायकोची ताटातूट झाली, आणि १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. कथानकाचा कणा हाच आहे, असं म्हणता येतं.

लेखकांची यादी लावतानाही एक गंमत दिसते. 'टिळक' या आडनावाखाली वर्णानुक्रमाने आधी देवदत्त येतात, मग नारायण वामन, मग बाळ गंगाधर आणि मग लक्ष्मीबाई. नवरा-बायकोच्या मधोमध लोकमान्य! जलालपूरला १८६८ मध्ये जन्मलेली मनकर्णिका गोखले या यादीत कुठेच नाही. अकराव्या वर्षी लग्न झालं आणि ती 'ट'च्या खणात आली. नियमाप्रमाणे हे बरोबरच आहे. लेखक ज्या नावाने ओळखला जातो तेच नाव घ्यायचं असतं. पण 'ग'च्या खणात एक 'पाहा' टाकावंसं मला फार वाटलं.

तीन आकड्यांपैकी एक निवडून मी मोकळी झाले असते. पण त्या शनिवारी पुस्तक घरी नेलं.

आजीला वाचता येत नाही. डोळे मात्र अजून शाबूत आहेत, सुईत दोरा स्वतः ओवते. दिवाळी झाली की तिच्या गोधड्या सुरू होतात. पडवीत जुनी लुगडी अंथरायची, मध्ये विटक्या साड्यांचे थर द्यायचे, चारी कडा पक्क्या करायच्या आणि मग कडेकडेने आत आत धावदोरा घालत मध्यापर्यंत यायचं. मी शेजारी बसून वाचत होते. टिळकांचा शीघ्रकोप, हाती पैसा न टिकणं, अचानक घर सोडून निघून जाणं, परत येणं, हे सगळं ऐकताना आजी हसत होती. आमचे आजोबाही असेच होते म्हणतात. एक मोठं भांडण वाचून झालं तेव्हा तिने सुई थांबवली.

"मंग त्या दिशी सैपाक कुनी केला?"

मी म्हटलं, "आजी, ते महत्त्वाचं नाहीये."

"म्हत्त्वाचं कसं न्हाय? दोघं भांडली, तो गेला निघून. पोरं तर घरात हायेत ना?"

मी मागची दोन पानं पुन्हा वाचली. मग पहिल्यापासून सगळं पुस्तकच या एका प्रश्नाचं बोट धरून वाचलं. आणि माझ्या लक्षात आलं, की आजीने जे विचारलं त्याचा हिशेब लक्ष्मीबाई जवळजवळ प्रत्येक ठिकाणी देतात. घरात काय शिल्लक होतं, पाहुणे किती, कुणाच्या हातचं कुणाला चालत होतं, कोण उपाशी राहिलं. आपण शाळेत, भाषणांत, लेखांत या पुस्तकातून एका तऱ्हेवाईक कवीचे किस्से आणि एका सोशिक बायकोचा विनोद उचलतो. हिशेब तिथेच राहतो.

तो हिशेब परत वाचला, तर धर्मांतराची गोष्टही वेगळी दिसते. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं सोवळं कमालीचं कडक. घरात येणारी वस्तू धुतल्याशिवाय आत घ्यायची नाही, आणि त्या पाण्याच्या राबणुकीत घरातल्या बायकांचे दिवसच्या दिवस जातात. पुढे टिळक ख्रिस्ती होतात. लक्ष्मीबाई त्यांच्याकडे परततात, तरी काही काळ आपलं खाणं-पिणं वेगळं ठेवतात. आणि मग त्यांच्या मनातून जातिभेद जातो, तो घडतो कुठे? अमक्याच्या हातचं पाणी प्यायचं की नाही, अमक्याच्या हातचं खायचं की नाही, इथे. टिळकांचं धर्मांतर ग्रंथ, चर्चा, कविता यांच्या वाटेने झालं असेल. लक्ष्मीबाईंचं झालं ते हंडा-घागरीच्या आणि चुलीच्या वाटेने. देव कोणता हे ठरण्याआधी पाणी कुणाचं हे ठरलं. मला तरी या पुस्तकाचं सगळ्यात मोठं काम हेच वाटतं. श्रद्धा बदलते म्हणजे सकाळपासून रात्रीपर्यंत हातांच्या सवयी कशा बदलतात, हे इतक्या बारकाईने सांगणारं मराठी पुस्तक मी तरी दुसरं वाचलेलं नाही.

म्हणूनच 'स्मृतिचित्रे'ची नेहमीची स्तुती मला खटकते. बाई फारशा शिकलेल्या नव्हत्या, तरी किती साधं, बोलल्यासारखं लिहिलं! या 'तरी'त कौतुक कमी आणि आश्चर्य जास्त. शाळा त्यांना मिळाली नाही हे खरं, नवऱ्याने घरीच वाचायला शिकवलं हेही खरं. पण बोलल्यासारखं लिहिणं म्हणजे बोललेलं उतरवून काढणं नव्हे. फोनवर कुणाचंही पाच मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करा आणि शब्दशः टाइप करून पाहा. वाचवत नाही. लक्ष्मीबाई एखादा प्रसंग कुठे सोडायचा हे पक्कं ओळखतात. आता रडू येणार असं वाटतं त्याच्या एक वाक्य आधी त्या स्वतःवर हसतात आणि पुढच्या प्रसंगाला लागतात. तो विनोद नवऱ्याला सोडत नाही, आणि स्वतःला तर त्याहून नाही. ही निवड आहे, आणि ती चार भागभर टिकवणं सोपं नाही.

इथे मला गोधडीची उपमा द्यायचा फार मोह झाला होता. कारणही तसंच होतं. ड्युईत गोधडीकामाचा आकडा आहे ७४६.४६ आणि मराठी साहित्याचा ८९१.४६. दशांशचिन्हापुढे दोन्हीकडे छेचाळीस! हा निव्वळ योगायोग आहे, पण वहीत मी तो लाल पेनाने लिहून ठेवला. विरलेल्या आठवणींचे थर, वरून विनोदाचा धावदोरा, वगैरे. मग आजीला म्हटलं, की ही बाई तुझ्या गोधडीसारखं लिहिते. आजी म्हणाली, "गोधडी थंडी वाजती म्हून शिवत्यात." आणि शिवत राहिली.

तिचं बरोबर होतं. बाईच्या लिहिण्याला गोधडी, रांगोळी, भरतकाम म्हटलं की कौतुक स्वस्तात उरकतं. पुरुषाच्या आत्मचरित्राला आपण कधी सुतारकाम म्हणत नाही. शिवाय गोधडीत सगळे तुकडे पांघरणाऱ्याच्या उबेसाठी असतात. या पुस्तकातले काही तुकडे टोचणारे आहेत आणि ते टोचावेत अशीच त्यांची जागा आहे. उपमा मी खोडली. आकड्यांचा योगायोग तेवढा ठेवला.

आजीचा प्रश्न मात्र लक्ष्मीबाईंनाही सोडत नाही. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला १८३१ पासून. या जिल्ह्यात ख्रिस्ती झालेल्यांत मोठा भाग गावकुसाबाहेरच्या जातींचा. लक्ष्मीबाई त्यांच्या हातचं खायला लागतात, त्यांच्या आजारपणात, अडीअडचणीत धावून जातात, आणि स्वतःच्या जुन्या सोवळ्याची यथेच्छ टिंगल करतात. हे सगळं खरं आणि मोलाचं. पण भेद मोडताना त्यांच्या मनात काय झालं ते आपल्याला कळतं, आणि समोर भाकरी घेऊन उभ्या असलेल्या बाईच्या मनात काय झालं ते कळत नाही. तिला या ब्राह्मण बाईबद्दल काय वाटलं असेल? तिच्या घरी त्या दिवशी स्वयंपाक कुणी केला? एका पुस्तकाकडून सगळंच मागू नये, हे मान्य. पण नगरच्या ख्रिस्ती बायकांचं आयुष्य म्हटलं की आपण दर वेळी याच पुस्तकाकडे बोट दाखवतो, तेव्हा उणीव लक्ष्मीबाईंची नसते. शेजारची जागा मोकळी आहे, आणि 'स्मृतिचित्रे' इतकं भरलेलं आहे की ती मोकळी जागा दिसत नाही.

आता आकड्याचं. पुस्तकाला जागा एकच देता येते, कारण ते एकाच वेळी दोन कपाटांत उभं राहू शकत नाही. पण तालिकेत नोंदी कितीही करता येतात. हे आमच्या विषयातलं मला सगळ्यात आवडणारं सत्य आहे. तुम्ही कुठल्याही शब्दाने शोधत या, पुस्तक सापडलं पाहिजे. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. वाचकाला त्याचं पुस्तक आणि पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, हा त्यांचा गाभा. तो साधायचा तर हे कोण आणि कशासाठी शोधेल, याचा विचार करावा लागतो.

मी जागा दिली ८९१.४६. साहित्य म्हणूनच, आणि कुणाच्या मेहेरबानीने नव्हे. मग विषयनोंदी केल्या: टिळक, नारायण वामन. मराठी ख्रिस्ती. धर्मांतर. विवाह. जातिभेद. आणि शेवटी घरकाम आणि स्वयंपाक. प्रात्यक्षिक तपासताना मॅडमनी शेवटच्या दोन नोंदींपुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि विचारलं, "पाककृती आहेत का यात?" मी नाही म्हटलं. अर्धा गुण गेला. नियमाने बघितलं तर गेला ते योग्यच, कारण पुस्तकाचा विषय आणि पुस्तकात येणाऱ्या गोष्टी यांत फरक करायला आम्हाला शिकवतात. मला एवढंच म्हणायचं होतं, की या पुस्तकात स्वयंपाक ही येणारी-जाणारी गोष्ट नाही.

पुढच्या सत्रात बांधणीचं प्रात्यक्षिक होतं. मी घरची 'स्मृतिचित्रे'ची प्रत नेली. जुन्या बाजारात मिळालेली, पाठ सुटलेली. जुज वेगळे केले, पुन्हा शिवले, खळीत मोरचूद घालून पुठ्ठा चिकटवला आणि वजनाखाली ठेवला. आधीच्या कुणीतरी पहिल्या शंभर पानांवर तेलकट बोटं उमटवली होती. नंतरची पानं स्वच्छ. एक तर तिने पुस्तक तिथेच सोडलं, किंवा पुढचं हात धुऊन वाचलं. माझं मत दुसऱ्या बाजूने आहे, पुरावा मात्र काही नाही.

प्रत आता गावी आहे. तिसरा भाग चालू आहे, गोधडी मध्यापर्यंत आली आहे. परवा फोनवर आजीने विचारलं, "ती बाई राहुरीला आल्ती म्हनं? आपल्या राहुरीला?" मी हो म्हटलं, टिळक तिथे कामाला होते, ती दोघं तिथे राहिली. आजी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आधी सांगायचं ना. मंग शनवारी ये लवकर."