तंत्रज्ञांच्या ज्ञानमंचावरील नोकरीची जाहिरात : एक चिकित्सक दृष्टिक्षेप

नोकरभरतीची जाहिरात वृत्तपत्राच्या स्तंभातून संकेतस्थळावर गेली, ही बाब आता परिचयाची आहे. मात्र व्यावसायिकांच्या परस्पर ज्ञानव्यवहारातच ती गुंफली गेली की तिचे स्वरूप पालटते. जोएल स्पोल्स्की व जेफ ॲटवूड यांनी २००८ मध्ये सुरू केलेले ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ हे अमेरिकी संकेतस्थळ या दृष्टीने अभ्यसनीय ठरते. संगणक-आज्ञावली लिहिणाऱ्यांनी तेथे अडचणी मांडाव्यात आणि समव्यावसायिकांनी विनामूल्य उत्तरे द्यावीत, अशी त्याची रचना आहे. २००९ मध्ये त्याला नोकरीविषयक विभागाची जोड मिळाली. त्याच सुमारास सर्व्हर फॉल्ट, सुपर युजर ही भावंड-संकेतस्थळे उभी राहून एक जाळेच तयार झाले.

या जाळ्यातील जाहिरात वाचकाच्या मागे धावत नसे. जावाविषयीचा प्रश्न वाचणाऱ्यास शेजारच्या स्तंभात जावाचीच आणि शक्यतो त्याच्याच परिसरातील नोकरी दिसे. प्रश्नांना जोडलेल्या विषय-खुणांमुळे हे साधले. नोकरी न शोधणाऱ्या कुशल माणसापर्यंत पोहोचणे हा भरतीतील सर्वांत अवघड भाग. तो येथे सहज सुटला. परंतु ज्या पानावर ही जाहिरात झळके, त्या पानाचे मोल उत्तर देणाऱ्यांच्या विनावेतन श्रमातून निर्माण झालेले होते, हे विसरता येत नाही.

व्यवस्थेतील खरी विषमता पडताळणीची होती. उमेदवाराची गुणवत्ता सर्वांसमक्ष तपासली जाई. उत्तरास मिळालेल्या प्रत्येक अनुकूल मतामागे १० गुण, चुकीच्या उत्तरावर प्रतिकूल मते, आणि हा सारा इतिहास कोणासही खुला. मालकाच्या बाजूस होती ती ‘जोएल कसोटी’. स्पोल्स्की यांनी २००० मध्ये मांडलेले हे १२ प्रश्न. आज्ञावलीच्या आवृत्त्यांची नोंद ठेवली जाते का, काम करण्यास शांत जागा आहे का, अशा स्वरूपाचे. प्रश्न मार्मिक, यात शंका नाही. पण त्यांची उत्तरे कंपनी स्वतःच भरत असे! तेथे काम करून गेलेल्याला प्रतिकूल मत नोंदविण्याची सोय नव्हती.

गुणसंख्येसही मर्यादा होत्या. स्पॅनिश, पोर्तुगीज, रशियन व जपानी भाषांत या मंचाच्या आवृत्त्या निघाल्या. भारतीय भाषांत एकही नाही. मराठी माध्यमातून शिकलेला तंत्रज्ञ इंग्रजी उत्तरे वाचून काम चोख करतो, पण लिहिताना कचरतो. त्याचे कौशल्य या मोजमापात उमटतच नाही.

२०२१ मध्ये प्रोसस या कंपनीने सुमारे १८० कोटी डॉलरला हा मंच विकत घेण्याचा करार केला. ३१ मार्च २०२२ रोजी नोकरी विभाग बंद झाला आणि सदस्यांनी आपला व्यावसायिक प्रवास नोंदविलेली पृष्ठेही त्यासोबत गेली. २०२४ मध्ये इंडीडच्या सहकार्याने तेथे नोकऱ्यांची यादी पुन्हा दिसू लागली. परंतु ती मंचाच्या अंगभूत व्यवहारातून उगवलेली नव्हती. सदस्यांची उत्तरे मात्र क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली असल्याने ती कोणासही, श्रेय देऊन, वापरता येतात.