वाड्यावरचा सोंगाड्या

ऑफिसच्या ग्रुपवर निळू फुल्यांचं स्टिकर मी स्वतः किती वेळा टाकलंय, मोजलेलं नाही. डोळे बारीक केलेला, ‘बाई, वाड्यावर या’ म्हणणारा पाटील. माझ्या वयाच्या बहुतेकांना निळूभाऊ तेवढेच ठाऊक.

पण हा माणूस मुळात खलनायक नव्हताच. पुण्यात लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करायचा आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात वग करायचा. ‘कथा अकलेच्या कांद्याची’मध्ये राम नगरकरांसोबत त्याने लोकांना लोळवलं. वगातला सोंगाड्या म्हणजे आपल्या भाषेत स्टँड-अपवालाच: संहिता नावापुरती, समोरची गर्दी बघून टोला हाणायचा, आणि टोला कायम राजा-प्रधानाला. १९६८ मध्ये ‘एक गाव बारा भानगडी’ आला आणि हा सोंगाड्या पडद्यावर थेट राजाच्या बाजूला जाऊन बसला.

माझं म्हणणं असं, की त्याने बाजू बदललीच नाही. ज्याची वर्षानुवर्षं नक्कल केली, त्यालाच तो आतून दाखवू लागला.

पुरावा हवा तर जब्बार पटेलांचा ‘सामना’ बघा. पटकथा विजय तेंडुलकरांची. १९७५ साली सिनेमा बर्लिन महोत्सवात गेला होता. हिंदुराव धोंडे पाटील हा साखरसम्राट. डॉ. लागूंच्या दारुड्या मास्तरला तो घरात ठेवून घेतो, खाऊपिऊ घालतो. मास्तर मारुती कांबळेचं काय झालं हे विचारत राहतो, आणि हिंदुराव आवाज न चढवता, थट्टेच्या सुरात उत्तरं टाळतो. आवाज तोच, वगातला, तिरकस. फक्त तेव्हा त्या आवाजाने सत्तेची फजिती व्हायची, इथे समोरच्याचा जीव आक्रसतो.

दिवाळीत शहाद्याजवळच्या आमच्या गावी आजीला मोबाईलवर हा सिनेमा दाखवला. आजोबा सालदार होते. आजी म्हणाली, “मोठा मालक असाच बोलायचा. ओरडायचा तो मुकादम.” याच शहाद्यात १९७२ साली भूमिहीन आदिवासी आणि सालदारांनी श्रमिक संघटना उभी केली होती. म्हणजे पडद्यावरचा हिंदुराव अवतरला, तेव्हा आमच्याकडे खऱ्या मालकांना प्रश्न विचारणं सुरू झालेलं होतं. स्टिकर टाकताना हे माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं.

पुढे मराठी सिनेमाने त्यांना त्याच धोतरात, त्याच वाड्यात पुन्हा पुन्हा उभं केलं. तिरकसपणा गळाला, लंपटपणा तेवढा उरला. निळूभाऊंनीही त्या भूमिका घेतल्या, हे झाकण्यात अर्थ नाही. मीम आलं ते तिथूनच.

म्हणून ‘सिंहासन’ (१९७९) महत्त्वाचा. त्यात ते पत्रकार दिगू टिपणीस. वाडा नाही, मिशीला पीळ नाही. सगळ्या नेत्यांचे डाव माहीत असलेला माणूस, पण त्याच्या माहितीने कुणाचंच काही बिघडत नाही. शेवटी तो वेड्यासारखा हसतो. वगात सोंगाड्या गर्दीला हसवायचा. इथे तो एकटाच हसतोय आणि आपल्याला हसू येत नाही.

दोन्ही सिनेमे लागोपाठ बघा. स्टिकर मी अजून डिलीट केलेलं नाही, पण आजी शेजारी असताना पाठवायची हिंमत होत नाही.