तेजीचे भागीदार

मराठी नाटकाचा पडदा वर गेला की अजूनही चाळच दिसते. लाकडी कठडा, सामाईक गॅलरी, दोरीवर वाळणारी पातळं. बोरिवलीच्या किंवा मुलुंडच्या नाट्यगृहात बसलेला प्रेक्षक ती बघून हसतो, डोळे पुसतो आणि मध्यंतरात बटाटावडा हातात घेऊन शेजारच्याला सांगतो, 'पुनर्विकासात बिल्डर कार्पेट वाढवून द्यायला तयार आहे हो, पण कॉर्पस फंडावर गाडी अडलीय.' खरं नाटक वड्याच्या रांगेत चाललेलं असतं आणि रंगमंचावर त्याचा मागमूस नसतो. तक्रार नवी नाही. पण पुनरुज्जीवित नाटकांचा आणि स्मरणरंजनी सिनेमांचा सध्या जो पूर आला आहे, तो पाहून ती पुन्हा, आणि जरा मोठ्या आवाजात, करावीशी वाटते.

१९९१ नंतरच्या वीस-पंचवीस वर्षांच्या तेजीत मुंबईच्या उपनगरांत जेवढं घडलं तेवढं त्याआधीच्या दोन पिढ्यांत घडलं नव्हतं. १९९१च्याच विकास नियंत्रण नियमावलीनं टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, आणला आणि तो मूळ भूखंडाच्या उत्तरेला वापरायचा असं ठरवलं. शहराच्या रस्त्या-मैदानांच्या बदल्यातले मजले अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंडच्या इमारतींवर चढले. मालाडला २००४ साली इनऑर्बिट आला, घाटकोपरला २००९ साली आर सिटी, मुलुंडच्या एलबीएस मार्गावर तर मॉलच मॉल. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो धावली आणि घाटकोपरहून अंधेरीला जाण्यासाठी दादरला गाडी बदलण्याचं कारण संपलं. या सगळ्यात मराठी माणूस होता. बाजूला उभा राहून बघत नव्हता, आत होता. लाखात घेतलेला त्याचा वन रूम किचन कोटीत गेला, मुलगा सॉफ्टवेअरमध्ये जाऊन न्यू जर्सीला पोचला. ही गोष्ट आपल्या कलेनं कशी सांगितली?

बहुतेक वेळा सांगितलीच नाही. 'बालक-पालक', 'दुनियादारी', 'टाइमपास' हे २०१३-१४च्या दोन वर्षांतले गाजलेले सिनेमे; तिन्ही मागे पळालेले, कुणी सत्तरीत, कुणी ऐंशीत, कुणी नव्वदीत. 'अमर फोटो स्टुडिओ'त तर पात्रं काळाच्या प्रवासालाच निघतात; नाटक चटपटीत आहे, पण पळ तो पळच. मालिकांबद्दल एक वाक्य पुरे: तिथली घरं दर वर्षी मोठी होत गेली आणि घरातल्या माणसांचं उत्पन्न कुठून येतं ते कुणालाच कळलं नाही.

वर्तमानाला भिडल्याचा दावा करणारे सिनेमे मला अधिक खटकतात. निशिकांत कामत यांचा 'डोंबिवली फास्ट' (२००५) चांगला बांधलेला सिनेमा आहे यात वाद नाही. माधव आपटेची बॅट अजून लोकांच्या लक्षात आहे. पण त्याच्या मागे उभ्या असलेल्या 'फॉलिंग डाउन' या १९९३च्या अमेरिकी चित्रपटातला माणूस शीतयुद्ध संपल्यावर नोकरीवरून काढला गेलेला होता. त्याच्या रागाला एक आर्थिक पत्ता होता. आपट्यांचा राग पत्ता नसलेला, सगळ्यांवर सारखा. चार वर्षांनी 'मी शिवाजीराजे भोसले बोलतोय' आला आणि त्यानं पत्ता दिला, तोही सोयीचा: बिल्डर, आणि तो परभाषक. थिएटरात टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कितीजण आपापल्या सोसायटीत तसल्याच बिल्डरच्या 'ऑफर लेटर'वर चर्चा करत होते, हे विचारायचं धाडस सिनेमानं केलं नाही.

जयंत पवारांचं तसं नाही. 'अधांतर' (१९९७) हे नाटक आणि 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' (२०१०) हा कथासंग्रह यांच्यामध्ये तेरा वर्षं आहेत आणि त्या तेरा वर्षांत गिरणीचा मॉल झाला. 'अधांतर'मधलं घर गिरणी संपानंतर मोडतं, आणि मोडताना त्यातली माणसं एकमेकांना ओरबाडतात. लेखक त्यांना पवित्र करत नाही. कथांत तर तो बाजाराच्या चमकेतला मोहसुद्धा लिहितो. पवारांकडून पुढच्यांनी काय उचललं? फक्त शोक. गिरणगाव हे मराठी कलेचं सुतक होऊन बसलं, इतकं की उपनगरात कामगार होते हेच आपण विसरलो. एलबीएस मार्गावर घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत कारखाने होते, त्यांत चांगल्या पगाराचे मराठी फिटर, टर्नर होते. घाटकोपरला दवाखाना चालवणारे, गिरणी संपाचे नेते दत्ता सामंत त्यांचेही पुढारी होते आणि १६ जानेवारी १९९७ रोजी त्यांची हत्या झाली ती पवईत, गिरणगावात नव्हे. त्या कामगारांनी व्हीआरएस घेतली, पैसा फिक्स्ड डिपॉझिटमध्ये आणि पोरांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये घातला आणि पुढे त्याच कारखान्याच्या जागी झालेल्या मॉलमध्ये रविवारी सरकत्या जिन्यावर उभे राहिले. याचं 'अधांतर' कुठे आहे?

कविता मात्र जागी होती. ज्याला नव्वदोत्तरी म्हणतात त्या कवींनी, विशेषतः हेमंत दिवटे यांच्या 'अभिधानंतर' या नियतकालिकाभोवती जमलेल्यांनी, तेजीचं शहर आतून लिहिलं. 'चौतिशीपर्यंतच्या कविता' (२००१) आणि 'थांबताच येत नाही' (२००६) हे दिवट्यांचे संग्रह आज पुन्हा वाचा. ब्रँडची नावं, रिमोट, हप्ते, उपनगरी फ्लॅटची दमछाक हे सगळं तिथे आहे, पण महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे: त्या कवितेतला 'मी' विकत घेणारा आहे. तो बाजाराला शिव्या देतो आणि बाजारातून पिशवी भरून बाहेर पडतो आणि पिशवी लपवत नाही. मन्या जोशींच्या 'ज्याम मजा'त ही बेशरम कबुली विनोदाच्या वेगानं येते, वर्जेश सोलंकींकडे ती मऊ, जवळजवळ घरगुती होते. आणि अरुण काळे नाशकात बसून 'ग्लोबलचं गावकूस' असं शीर्षक देतात तेव्हा तेजीच्या नकाशावर गावकूस कुठे राहिलं हे दोन शब्दांत सांगून टाकतात. आपल्या समाजशास्त्राला त्यासाठी परिसंवाद लागले. या कवितेवर आक्षेप कोणता घेतला गेला? इंग्रजी शब्द फार आहेत! जणू अंधेरी स्टेशनवर लोक ओव्या म्हणत होते. खरा दोष वेगळा: यादी करण्याची सवय लागली, आणि पुढच्या नकलाकारांनी नुसत्या याद्याच छापल्या.

पडद्यावर कबुलीचं हे धैर्य चैतन्य ताम्हाणेंकडे आलं. त्यांच्या 'कोर्ट'मधला लोकशाहीर नारायण कांबळे (वीरा साथीदार) सगळ्यांना आठवतो, पण सिनेमाचं खरं अवघड काम गीतांजली कुलकर्णींनी साकारलेल्या सरकारी वकिलीणबाईंमध्ये आहे. कोर्ट सुटतं, त्या लोकलनं घरी येतात, स्वयंपाक करतात, कुटुंबाबरोबर नाटकाला जातात. नाटकात परप्रांतीय तरुणाला घराबाहेर काढलं जातं आणि प्रेक्षागृह खूश होतं. हीच कष्टाळू, सरळ बाई कोर्टात कांबळेंना आत ठेवण्यासाठी कलमं वाचत राहते. समोरचा गुजराती बचाव वकील सुपरमार्केटात चीज आणि वाइन निवडतो. वर्ग, भाषा, जात कुणी भाषणात सांगत नाही. पिशवीत काय आहे आणि घरी कोण कसं जातं यावरून कळतं. त्यानंतरचा 'द डिसायपल' (२०२०) व्हेनिसला पटकथेचं बक्षीस घेऊन आला आणि आपल्याकडे शास्त्रीय संगीतावरचा सिनेमा म्हणून वाचला गेला. तो माझ्या मते तेजीवरचाही सिनेमा आहे: साधनेची भाषा बोलणारा शरद नेरूळकर दिवसा जुन्या रेकॉर्डिंगचा माल तयार करतो आणि टीव्हीच्या स्पर्धेत एक मुलगी बघता बघता बदलत जाते.

मग बाकीचे का घाबरतात? मला वाटतं, कारण साधं आहे. नायक व्हायचं तर आपल्याला पीडित व्हायला आवडतं आणि तेजीतला मध्यमवर्गीय मराठी माणूस पीडित नव्हता, भागीदार होता. सिंक्लेअर लुईसनं अमेरिकेच्या तेजीच्या दशकात, १९२२ साली, 'बॅबिट' ही कादंबरी लिहिली. तिचा नायक घरांचा दलाल आहे. बढाईखोर, भित्रा, आणि तरी माणूस. बोरिवली स्टेशनबाहेर इस्टेट एजंटांच्या पाट्यांनी भिंती भरल्या आहेत. त्यातला एक तरी मराठी कादंबरीचा नायक झालेला माझ्या वाचनात नाही. आपला दलाल एकाच प्रसंगापुरता येतो आणि हिंदीमिश्रित बोलून जातो.

दाराबाहेर ठेवण्यातही आपण भागीदार आहोत. मराठी म्हणून जागा नाकारल्याचं मुलुंडचं प्रकरण २०२३ साली गाजलं, ते गाजायलाच हवं होतं. घाटकोपरात मासे खाणाऱ्याला घर मिळत नाही यावर मराठी लेखक चिडतो, बरोबर चिडतो. पण मराठी बहुसंख्य सोसायटीत मुसलमान भाडेकरू 'कमिटीला चालणार नाही' म्हणून परत जातो, एकट्या राहणाऱ्या मुलीला रखवालदाराकरवी वेळा विचारल्या जातात, आडनावावरून जातीचा अंदाज घेतला जातो, यावर कोणतं व्यावसायिक नाटक आलं? मेघना पेठेंच्या कथांतल्या बायकांनी या दारांवर धडका दिल्या होत्या, त्यालाही आता बराच काळ लोटला. कामवाल्या बाईसाठी वेगळी लिफ्ट ठरवणारा ठराव मराठीतच लिहिला जातो, शुद्धलेखन तपासून.

निर्माते म्हणतील, लोक तीनशे-चारशे रुपये देऊन स्वतःची लाज बघायला का येतील? 'चारचौघी' १९९१ साली रंगभूमीवर आली तेव्हाही ती सुखाची नव्हती. २०२२ साली पुन्हा आली तेव्हाही लोक गेले. प्रेक्षक नाटककारांपेक्षा धीट आहे. आणि विषय शोधायला कुठे जायचंही नाही. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-अ खाली पुनर्विकासाची विशेष सर्वसाधारण सभा भरते. एकच सेट, बिल्डिंगच्या गच्चीवर किंवा शाळेच्या हॉलमध्ये. सही न करणारी तळमजल्यावरची विधवा, अमेरिकेहून मुखत्यारपत्र पाठवणारा मुलगा, बिल्डरच्या गाडीतून उतरताना दिसलेला सेक्रेटरी, आणि सभासद नसल्यामुळे जिन्यात उभे असलेले भाडेकरू. उपनिबंधकांच्या कार्यालयाचा अधिकारी हजर असतो आणि सभेचं चित्रीकरण नियमानंच करावं लागतं. सरकारनं कॅमेरासुद्धा लावून दिलाय, फक्त नाटककार अजून आलेला नाही.