प्रबंधिकेबाहेर राहिलेले निरीक्षण

पदवीवर्गातील विद्यार्थ्यांनी संशोधन करावे किंवा नाही, हा वाद आता बव्हंशी मिटला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या आराखड्यानुसार, पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के अगर अधिक गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यास चौथे वर्ष संशोधनासह पूर्ण करता येते व संशोधन-प्रकल्पास १२ श्रेयांक मिळतात. नियम झाला म्हणजे संशोधन झाले, असे मात्र नव्हे. या उद्योगातून जे लिखित आपल्या हाती येते, त्याची चिकित्सा एखाद्या ग्रंथाची करावी तशी कोणी केलेली दिसत नाही. बाह्य परीक्षक या नात्याने रसायनशास्त्राच्या अशा अनेक प्रबंधिका प्रस्तुत लेखकास वाचाव्या लागल्या आहेत. पुढील विवेचन त्या वाचनावर आधारलेले आहे.

या प्रबंधिकांतील सर्वांत लोकप्रिय विषय म्हणजे पानांच्या अर्कापासून चांदीचे अतिसूक्ष्म कण तयार करणे. विषय लोकप्रिय का, हे उघड आहे. एक मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण घ्यावे, त्यात पानांचा काढा थेंबाथेंबाने घालावा, आणि पाहता पाहता द्रावण पिवळे व मग तपकिरी व्हावे. पानांतील पॉलिफेनॉले, फ्लॅव्होनॉइडे, शर्करा यांच्यामुळे चांदीच्या आयनांचे क्षपण होते. तयार झालेल्या कणांच्या पृष्ठभागावरील इलेक्ट्रॉन विशिष्ट प्रकाशाबरोबर आंदोलन पावतात, म्हणून शोषण-वर्णपटात ४०० ते ४५० नॅनोमीटरच्या दरम्यान एक शिखर उमटते. खर्च थोडा, धोका थोडा, एका दुपारचे काम. शिकविण्याच्या दृष्टीने हा प्रयोग उत्तमच आहे. परंतु तुळशीने जे घडते ते कडुनिंबाने घडते, पेरूने घडते, शेवग्यानेही घडते. झाडाचे नाव बदलले की प्रबंधिकेचे शीर्षक बदलते. प्रस्तावना आणि निष्कर्ष बहुधा जागचे हलत नाहीत. प्रयोगास हात घालण्यापूर्वीच उत्तर ठाऊक असेल, तर त्यास प्रात्यक्षिक म्हणावे. संशोधन हे नाव त्यास शोभत नाही.

तरीही या प्रबंधिका निरर्थक आहेत असे म्हणून मोकळे होता येत नाही. अशाच एका प्रबंधिकेतील क्ष-किरण विवर्तनाचा आलेख पाहताना हे तीव्रतेने जाणवले. धातुरूप चांदीची शिखरे सुमारे ३८, ४४, ६४ व ७७ अंशांवर येतात आणि ती तेथे होतीच. पण ३२ अंशांच्या आसपास आणखी एक ठळक शिखर होते, शिवाय २८ व ४६ अंशांजवळ त्याची भावंडे होती. त्यांच्याविषयी विद्यार्थिनीने एकच वाक्य लिहिले होते : ही शिखरे वनस्पतीतील सेंद्रिय द्रव्यांची असावीत. हे वाक्य तिचे नव्हे. छापील शोधनिबंधांतून ते इतक्या वेळा आले आहे की आता कोणी ते तपासून पाहत नाही. वस्तुतः ही तिन्ही स्थाने सिल्व्हर क्लोराइडची आहेत. पानांत क्लोराइड असते, धुण्यास वापरलेल्या नळाच्या पाण्यातही असते, आणि चांदीच्या आयनास क्लोराइड भेटले की काय होते हे पदवीच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही जाणतो.

मग तिची कच्ची वही मागविली. (जर्नल नव्हे. जर्नल हे परीक्षकासाठी सुवाच्य अक्षरांत नंतर लिहिलेले असते, आणि म्हणूनच त्यातून काही कळत नाही.) कच्च्या वहीत पाचपैकी तीन वेळा एकच नोंद होती : पांढरा गढूळपणा, टाकून दिले. आलेखाच्या पानावर जे कोडे होते, त्याचे उत्तर तीन तारखांसह या वहीत पडून होते. मात्र त्यांतील एकही अक्षर प्रबंधिकेत उतरले नव्हते.

येथे पर्किनची आठवण होणे अपरिहार्य आहे, पण ती कथा आपण ज्या रीतीने सांगतो ती रीत या रोगाचेच एक कारण आहे. १८५६ च्या ईस्टरच्या सुटीत, अठरा वर्षांच्या विल्यम हेन्री पर्किनने पूर्व लंडनमधील घरच्या प्रयोगशाळेत क्विनीन करावयास घेतले आणि नशिबाने त्यास जांभळा रंग सापडला, अशी ती कथा आहे. क्विनीनची रचना त्या वेळी कोणासच ठाऊक नव्हती. ॲलिलटोल्युइडिनच्या दोन रेणूंत ऑक्सिजन घालून पाणी वजा केले की क्विनीनचे सूत्र येते, एवढ्या अंकगणितावर ती खटपट चालली होती. हाती लाल-तपकिरी गाळ आला. येथवर सारे अपयशच आहे. पुढची पायरी मात्र नशिबाची नव्हे. ही अभिक्रिया मुळात कशी वागते हे पाहण्यासाठी त्याने मुद्दाम अधिक साधे द्रव्य, ॲनिलीन, घेतले. त्यातून काळा गाळ मिळाला, तो त्याने फेकला नाही, आणि अल्कोहोलात तो जांभळा उतरला. त्या ॲनिलिनात टोल्युइडिनांची भेसळ होती आणि मॉव्हच्या रेणूत त्या भेसळीचा वाटा आहे. त्या रेणूंची खरी रचना १९९४ मध्ये निश्चित झाली.

याहून बोधक प्रसंग सहसा सांगितला जात नाही. हॉफमनने रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्रीत पर्किनला पहिले काम दिले ते अँथ्रासीनवर. अपेक्षित पदार्थ मिळाला नाही, आणि जे मिळाले त्याचा अर्थ लागेना, कारण अँथ्रासीनचे तेव्हाचे प्रचलित सूत्रच चुकीचे होते. पुढे १८६८ मध्ये ग्रेबे व लीबरमान यांनी अँथ्रासीनपासून ॲलिझरीन केले, तेव्हा पर्किन त्या द्रव्याशी आधीच परिचित होता. १८६९ मध्ये त्याने स्वतःच्या पद्धतीचे एकस्व मागितले. विद्यार्थिदशेतील फसलेले काम तेरा-चौदा वर्षांनी उपयोगी पडले, कारण ते त्याने पुसून टाकले नव्हते.

पर्किनच्याच थोरल्या मुलाच्या कारकिर्दीत, १९१६ मध्ये, ऑक्सफर्डच्या रसायनशास्त्राच्या पदवीस संशोधनाचे एक संपूर्ण वर्ष जोडण्यात आले. त्या वर्षात डोरोथी क्रोफूट, म्हणजे पुढील काळातील डोरोथी हॉजकिन, हिने पॉवेलच्या हाताखाली थॅलियमच्या द्वि-अल्किल हॅलाइडांचे स्फटिक अभ्यासिले आणि १९३२ मध्ये ते काम दोघांच्या नावे प्रसिद्ध झाले. १९४६-४७ मध्ये हॉजकिनबाईंकडे मार्गारेट रॉबर्ट्स नावाची विद्यार्थिनी ग्रामिसिडिन-एस या प्रतिजैविकावर काम करीत होती. ती रचना तिच्या वर्षात सुटली नाही. तिला पदवी मिळाली, आणि पुढे ती थॅचर या नावाने ब्रिटनची पंतप्रधान झाली, हा भाग निराळा. सांगावयाचे ते इतकेच की, मार्गदर्शिकेलाही उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न विद्यार्थिनीस देण्यात आला, आणि तो न सुटणे हा दोष मानला गेला नाही.

आपला ७५ टक्क्यांचा उंबरठा या दृष्टीने चिंत्य वाटतो. ठरलेली उत्तरे अचूक देणाऱ्यासच तो आत घेतो, आणि असा विद्यार्थी आत आल्यावर पुन्हा ठरलेलेच उत्तर शोधतो. दोष विद्यार्थ्याचा नाही. नमुना दूरच्या उपकरण-केंद्राकडे पाठवून आलेखासाठी आठवडे मोजणारा मार्गदर्शक, सत्र संपत आले असता अनपेक्षित शिखराचे स्वागत करील, ही अपेक्षा थोडी कठोर आहे. तरीही गढूळ नळी ओतून देण्यास उपकरण-केंद्राची वाट पाहावी लागत नाही, आणि ती ठेवण्यासही लागत नाही.

तोंडी परीक्षेत त्या विद्यार्थिनीस विचारले, “हा पांढरा गढूळपणा कशाचा, हे ओळखावयाचे झाल्यास तुम्ही काय कराल?” ती क्षणभरही थांबली नाही. “सर, विरल अमोनिया घालीन. विरघळला तर क्लोराइड.” मग जरा चाचरत म्हणाली, “पण ते विषयात बसत नव्हते.” मार्गदर्शक खिडकीबाहेर पाहत होते. गुणपत्रकात प्रस्तावना, पद्धती, निष्कर्ष व सादरीकरण असे चार रकाने होते. वहीतील त्या तीन नोंदी प्रबंधिकेस जोडाव्यात व अमोनियाची परीक्षा करून निष्कर्ष पुन्हा लिहावा, असा शेरा मी रकान्यांच्या खाली, कोऱ्या जागेत, लिहिला.