हवं, आहे, झालं

सोनिवलीच्या आमच्या घरात कपाटावर, रद्दीच्या गठ्ठ्याशेजारी, एक छोटा संगणक रात्रंदिवस चालू असतो. त्यात माझे गिटचे तीन रेपो आहेत, म्हणजे कामाचा सगळा इतिहास जपणारी भांडारं. अंबरनाथ आणि कल्याणचे दोघे मित्र तिथूनच काम ओढून घेतात आणि तिथेच पुश करतात. एकदा रात्री, उल्हासकाठी पाऊस कोसळत असताना, मी ट्रेस लावून त्यांच्या गिटचं माझ्या सर्व्हरशी चाललेलं बोलणं वाचत बसलो. त्या बोलण्याचं हे रसग्रहण.

या संवादाची वेबवरची घडण मुख्यतः शॉन पीअर्स यांची. डिसेंबर २००९मध्ये गिट १.६.६ बरोबर ती आली. त्याआधी वेबवरून रेपो द्यायचा म्हणजे सर्व्हरवर नुसत्या फाइली मांडून ठेवायच्या आणि फेच करणाऱ्याने एकेक उचलत, कशाला काय जोडलंय ते स्वतःच शोधत जायचं. दुकान उघडं आणि गल्ल्यावर कुणी नाही, असा तो प्रकार. पीअर्सनी गल्ल्यावर माणूस बसवला.

पहिलीच विनंती गमतीची आहे. मित्राला माझ्याकडून माल घ्यायचा आहे, तरी तो मागतो ‘अपलोड-पॅक’. पुश करायचं असेल तेव्हा मागतो ‘रिसीव्ह-पॅक’. नवखे इथे हमखास गोंधळतात. पण नावं सर्व्हरच्या बाजूने दिलेली आहेत. दुकानदाराच्या वहीत जमा आणि नावे ही दुकानदाराच्या नजरेने लिहितात, गिऱ्हाइकाच्या नाही. तेवढं लक्षात आलं की पुढचा सगळा संवाद सरळ वाचता येतो.

मग ओळींची बांधणी. प्रत्येक ओळीच्या तोंडी चार षोडशमान अंक असतात: ही ओळ किती लांब. त्या लांबीत ते चार अंकही धरलेले. आपल्याकडे पिशवीसकट वजन केलं तर बाजारात भांडण होईल. इथे ते आधी सांगून केलंय, आणि त्यातूनच एक सुंदर सोय निघते. चार अंक असणारच, म्हणजे कुठल्याही ओळीची लांबी शून्य असू शकत नाही. मग ‘शून्य शून्य शून्य शून्य’ हा आकडा मोकळा राहतो, आणि तो ‘माझं बोलून झालं’ या खुणेसाठी वापरला जातो. काटकसरीचा इतका देखणा नमुना मी क्वचित पाहिलाय.

गाभ्यात तीनच शब्द आहेत: वाँट, हॅव, डन. मित्राचं गिट सांगतं, मला हा कमिट हवा. मग आपल्याकडे काय आहे ते सांगत जातं: हा आहे, हा आहे, हाही आहे. प्रत्येक कमिटची ओळख चाळीस अक्षरांची, पण बोलणं तिघाचौघांच्या स्वयंपाकघरातलं. दोघांना माहीत असलेला जुना दुवा सापडला की सर्व्हर होकार देतो, समोरून ‘झालं’ येतं आणि फक्त मधला फरक एका गाठोड्यात बांधून रवाना होतो. पावसात लाइन रडत असली तरी दिवसभराचं काम काही क्षणांत पोचतं, ते यामुळे.

एक खोट मात्र मला खटकते. वेबची रीत अशी की दर विनंतीला सर्व्हर मागचं विसरलेला असतो. म्हणून ‘हवं’ आणि आधी जुळलेलं ‘आहे’, दोन्ही मित्राच्या गिटला दर फेरीत पुन्हा सांगावं लागतं. खिडकीवरचा कारकून बदलला की अर्ज पहिल्यापासून वाचून दाखवावा, तसं. पण याच विसराळूपणामुळे नेहमीचा वेब सर्व्हर आणि नेहमीचं ४४३ पोर्ट पुरतं. ऑफिसातल्या कडक फायरवॉलमागूनही काम होतं.

आता दारावरचा पहारा. वेब सर्व्हरमागे बसून रेपो देणारा गिटचा प्रोग्राम, गिट-एचटीटीपी-बॅकएंड, मुळातच वाचू देतो, लिहू देत नाही. वेब सर्व्हरने कुणाची तरी ओळख पटवून नाव पुढे दिलं, तरच पुश स्वीकारतो. मॅन्युअलमधल्या अपाचेच्या उदाहरणात पुशसाठी ओळख दोनदा मागितली आहे: संदर्भांची, म्हणजे शाखांच्या नावांची, यादी विचारतानाच, आणि पुन्हा प्रत्यक्ष माल उतरवताना. नुसता दुसरा पहारा ठेवूनही भागतं, असं तेच मॅन्युअल सांगतं. पण पहिल्या पहाऱ्यात सौजन्य आहे. गाठोडं डोक्यावर घेऊन आलेल्याला उंबऱ्यावरून परत फिरवायचं नाही, फाटकातच विचारायचं.

पासवर्ड मात्र बेसिक पद्धतीने जातो, म्हणजे बेस-६४ची पातळ साडी नेसून. ती कुणीही उलगडतो. म्हणून टीएलएस नसेल तर हा सगळा पहारा नाटकी. माझं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टचं, नव्वद दिवसांचं; लोकलच्या त्रैमासिक पासासारखं, संपायच्या आत काढायचं. पासाची तारीख मी दोनदा विसरलोय, म्हणून हे काम यंत्राकडे दिलंय.

सगळ्यात आवडती गोष्ट शेवटी राखलीय. रेपो बाहेर दिसावा म्हणून त्यात ‘गिट-डीमन-एक्सपोर्ट-ओके’ नावाची फाइल ठेवतात. रिकामीच. आत काही लिहायचं नाही, तिचं असणं हीच परवानगी. घाईची माणसं एक व्हेरिएबल लावून सगळेच रेपो उघडे करतात. मीही पूर्वी एका साइटच्या फोल्डरमध्ये अख्खी गिट डिरेक्टरी तशीच सोडली होती. पासवर्ड फाइलमधून केव्हाच पुसला होता, पण इतिहासात तो ठळक होता, आणि इतिहास कुणालाही उतरवून घेता येत होता.

तो इतिहास आता कपाटावरच्या तिसऱ्या रेपोत आहे. पहिल्या दोन्हींत ती रिकामी फाइल आहे, तिसऱ्यात नाही. बाहेरून कुणी त्याचा पत्ता विचारला तर माझा सर्व्हर ‘मनाई आहे’ असंही म्हणत नाही. चारशे चार म्हणतो: असं इथे काही नाहीच.