चक्कवत्तिसीहनाद सुत्तातील देहदंडाची चिकित्सा

दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनाद सुत्ताचा उल्लेख आपल्याकडे वारंवार होतो. परंतु तो बहुधा ‘दारिद्र्यातून चोरी जन्मते’ एवढ्यापुरताच. या अपुऱ्या वाचनामुळे त्याच कथेत आलेली देहदंडाची चिकित्सा दुर्लक्षित राहते.

कथेतील राजा प्रजेचे रक्षण करतो, पण निर्धनांना धन देत नाही. त्यातून चोरी उद्भवते. पकडलेल्या चोराला तो धन देतो, तेव्हा चोऱ्या वाढतात. म्हणजे सुत्त भाबड्या दयेचाही पुरस्कार करीत नाही. मग राजा एका चोराचे मुंडन करवून, नगारा वाजवीत त्याला नगराच्या दक्षिणद्वाराबाहेर नेतो आणि त्याचा शिरच्छेद करवितो. ते पाहून लोक ठरवितात की, आपणही धारदार शस्त्रे करावीत आणि ज्यांना लुटू त्यांची मस्तके उडवावीत. चोरीची जागा हत्या घेते. चोरी आणि खून यांना एकच दंड असेल, तर चोराने साक्षीदार जिवंत का ठेवावा, असा प्रश्न येथे आपोआप उभा राहतो.

हा प्रश्न केवळ प्राचीन नाही. बारा वर्षांखालील मुलीवरील बलात्कारासाठी फाशीची तरतूद एप्रिल २०१८ मध्ये झाली. त्यानंतर वर्षभराने बुलढाणा जिल्ह्यातील चिखली येथे एका बालिकेवर अत्याचार झाला. २०२० मध्ये बुलढाण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना फाशी सुनावली. एका घटनेवरून सिद्धांत मांडता येत नाही. तथापि फाशीचा धाक जन्मठेपेहून अधिक असल्याचा पुरावा नाही, असा निष्कर्ष विधी आयोगाने २०१५ च्या २६२ व्या अहवालात काढला होता.

२००६ च्या खैरलांजी हत्याकांडानंतर फाशीची मागणी आपणही केली. तो संताप न्याय्य होता. परंतु ३ जून १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी फाशीची शिक्षाच रद्द करण्याच्या बाजूने मत दिले, हेही आपण विसरू नये. गुन्हेगार सुटावा, असा याचा अर्थ नाही. तत्काळ तपास, निर्भय साक्षीदार आणि निश्चित शिक्षा यांचा आग्रह आपण सोडता कामा नये. सुत्तातील राजाने रक्षणासोबत न्याय्य वितरणही केले असते, तर त्याच्यावर नगारा वाजविण्याची वेळ आली नसती.